इंटरलेस्ड चित्रफितींच्या संगणकीय स्थलांतरातील तांत्रिक दोष : स्वरूप, निदान आणि उपाय
(उलवे परिसरातील घरगुती चित्रीकरणाच्या विशेष संदर्भात)

गोषवारा

घरगुती समारंभांचे १९८० ते २०१० या काळातील बहुतांश व्हिडिओ चित्रीकरण इंटरलेस्ड पद्धतीने झालेले आहे. आजचे संगणक, भ्रमणध्वनी व दूरचित्रवाणी संच यांचे पडदे मात्र प्रोग्रेसिव्ह पद्धतीचे आहेत. जुने चित्रीकरण एका संकलन सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेताना चित्रात कंगव्यासारखे दाते दिसणे, हालचाल थरथरणे, दुहेरी प्रतिमा उमटणे असे दोष निर्माण होतात. हे दोष बहुतेक वेळा मूळ टेपमध्ये नसतात. ते स्थलांतराच्या वेळी फील्डचा क्रम चुकीचा समजल्याने अथवा प्रक्रियांचा क्रम चुकल्याने उद्भवतात, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट केले आहे. नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळासाठी स्थलांतरित झालेल्या उलवे परिसरातील गावांचे चित्रीकरण पुन्हा करणे शक्य नाही. म्हणून तेथे या तांत्रिक प्रश्नाला सांस्कृतिक महत्त्व प्राप्त होते.

बीजसंज्ञा : इंटरलेस्ड व्हिडिओ, फील्डचा क्रम, डीइंटरलेसिंग, मिनी डीव्ही, संकलन सॉफ्टवेअर, उलवे, घरगुती चित्रसंग्रह.

१. प्रस्तावना

पनवेल तालुक्यातील उलवे, गणेशपुरी, तरघर, कोंबडभुजे, चिंचपाडा, कोल्ही, कोपर, वाघिवली, वाघिवलीवाडा व वरचे ओवळे ही दहा गावे विमानतळ प्रकल्पामुळे बाधित झाली. प्रकल्पाची पायाभरणी १८ फेब्रुवारी २०१८ रोजी झाली आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले. दरम्यानच्या काळात उलव्याची टेकडी सुरुंग लावून सपाट करण्यात आली, उलवे नदीचा प्रवाह वळविण्यात आला आणि ग्रामस्थांचे पुनर्वसन वडघर, करंजाडे व उलवे नोड या परिसरांत झाले. गावाचे नाव नव्या वसाहतीने पुढे चालविले. जुने अंगण, देवळासमोरचा चौक, खाडीकडे जाणारी वाट आणि टेकडीची पार्श्वभूमी मात्र आता प्रत्यक्षात पाहता येत नाही.

आगरी व कोळी समाजाच्या जीवनात हळद, लग्न, गौरी-गणपती, जत्रा या प्रसंगांना मोठे स्थान आहे. लग्नाचे चित्रीकरण करून घेण्याची प्रथा १९९० नंतर सर्वत्र रूढ झाली. व्हिडिओवाल्याने टिपलेल्या हळदीच्या चित्रणात नवरा-नवरीबरोबरच घराची ओटी, मांडवाचे खांब, धवळारणीचे गाणे आणि मागची टेकडीही नकळत टिपली गेली. अशी टेप हे त्या कुटुंबापुरते स्मृतिचित्र असतेच. परंतु गाव उठून गेल्यावर ती गावाच्या भौतिक व सांस्कृतिक इतिहासाचे साधनही ठरते.

या साधनाला दोन धोके आहेत. पहिला धोका टेप व ती वाजविणारी यंत्रे नष्ट होण्याचा आहे. युनेस्कोच्या माहितीविषयक कार्यक्रमाने ध्वनी-दृश्य संग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेसह २०१९ मध्ये चुंबकीय टेपविषयी इशारा देणारा उपक्रम हाती घेतला. चालू स्थितीतील यंत्रे दुर्मिळ होत असल्याने टेपवरील आशय वाचविण्याची संधी २०२५ च्या सुमारास मावळू लागेल, असे त्यात सुचविले होते. दुसरा धोका कमी बोलला जातो. टेप वेळेत संगणकावर घेतली जाते, पण एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात जाताना चित्र बिघडते, आणि बिघडलेली प्रतच कायम राहते. प्रस्तुत लेख या दुसऱ्या धोक्याविषयी आहे.

२. लेखाची उद्दिष्टे व स्वरूप

(१) इंटरलेस्ड चित्रीकरणाची मूलभूत रचना समजावून देणे.
(२) स्थलांतरात उद्भवणाऱ्या दोषांचे लक्षणांवरून निदान करण्याची पद्धत मांडणे.
(३) दुरुस्त होणारे व न होणारे दोष यांतील भेद स्पष्ट करणे.
(४) घरगुती चित्रसंग्रहासाठी सुरक्षित कार्यक्रम सुचविणे.

लेखाचे स्वरूप विवेचनात्मक आहे. तो सर्वेक्षणावर आधारलेला नाही. दिलेली उदाहरणे विषय स्पष्ट होण्यासाठी कल्पिलेली आहेत. भारतात पाल पद्धत प्रचलित असल्याने सर्व आकडे त्या पद्धतीचे दिले आहेत.

३. इंटरलेसिंगची संकल्पना

दूरचित्रवाणीच्या आरंभीच्या काळात एक अडचण होती. सेकंदाला २५ चित्रे दाखविली तर काचनळीचा पडदा लुकलुकतो. ५० चित्रे पाठविली तर प्रक्षेपणासाठी दुप्पट जागा लागते. यावर तोडगा म्हणून प्रत्येक चित्राच्या रेषा दोन भागांत विभागण्यात आल्या. प्रथम एकाआड एक रेषा पाठवायच्या, नंतर मधल्या राहिलेल्या रेषा पाठवायच्या. बीबीसीने नोव्हेंबर १९३६ मध्ये सुरू केलेल्या ४०५ रेषांच्या सेवेत हीच युक्ती वापरली गेली. भारतात दूरदर्शनने १९८२ साली रंगीत प्रक्षेपण सुरू केले, तेही ६२५ रेषांच्या इंटरलेस्ड पाल पद्धतीत.

या ६२५ रेषांपैकी ५७६ रेषांत प्रत्यक्ष चित्र असते. विषम क्रमांकाच्या २८८ रेषांना 'वरची फील्ड' व सम क्रमांकाच्या २८८ रेषांना 'खालची फील्ड' म्हणतात. दोन फील्ड मिळून एक फ्रेम होते. सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे ५० फील्ड असतात.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे. एका फ्रेममधील दोन फील्ड ही एकाच क्षणाच्या चित्राची दोन अर्धुके नाहीत. कॅमेऱ्याने दुसरी फील्ड पहिलीनंतर १/५० सेकंदाने टिपलेली असते. म्हणून इंटरलेस्ड फ्रेम हे दोन वेगवेगळ्या क्षणांचे एकमेकांत विणलेले चित्र असते. पुढील सर्व दोषांचे मूळ या एका वस्तुस्थितीत आहे.

समजा, वरातीतील एक माणूस चित्राच्या डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत ५ सेकंदांत चालत जातो. चित्राची रुंदी ७२० बिंदू आहे. तो सेकंदाला १४४ बिंदू, म्हणजे एका फील्डमागे सुमारे ३ बिंदू सरकतो. दोन्ही फील्ड एकत्र ठेवून संगणकाच्या पडद्यावर चित्र थांबविल्यास त्याच्या कडेवर ३ बिंदू लांबीचे दाते दिसतील. मागची भिंत मात्र स्वच्छ दिसेल, कारण ती हललेली नाही. हे दाते म्हणजे बिघाड नव्हे; चित्रीकरण इंटरलेस्ड असल्याचा तो पुरावा आहे.

४. फील्डचा क्रम आणि स्थलांतर

दोन फील्डपैकी कोणती आधी टिपली गेली, याला फील्डचा क्रम म्हणतात. दुर्दैवाने सर्व माध्यमांत हा क्रम एकसारखा नाही.

मिनी डीव्ही व डीव्हीकॅम या पद्धतींत खालची फील्ड प्रथम असते. एचडीव्ही व एव्हीसीएचडी या उच्च स्पष्टतेच्या पद्धतींतील १०८० रेषांच्या इंटरलेस्ड चित्रीकरणात वरची फील्ड प्रथम असते. डीव्हीडीसाठीच्या एमपेग-२ फायलीत दोन्हींपैकी कोणताही क्रम चालतो. तो फायलीत नोंदवावा लागतो. व्हीएचएस किंवा व्हिडिओ-८ सारखी ॲनालॉग टेप संगणकावर घेतल्यास क्रम कॅप्चर करणाऱ्या उपकरणावर अवलंबून असतो. तो गृहीत धरू नये, तपासूनच ठरवावा.

व्हीसीडीचा विषय वेगळा आहे. २००० नंतरच्या दशकात आपल्याकडे लग्नाची व्हीसीडी घरोघर दिली जात असे. पाल व्हीसीडीचे चित्र ३५२ × २८८ बिंदूंचे, सेकंदाला २५ फ्रेमचे असते. २८८ रेषा म्हणजे एकाच फील्डइतका मजकूर. अशा फायलीत विणलेल्या फील्ड नसतातच. त्यामुळे तिच्यावर डीइंटरलेसिंग केल्यास लाभ होत नाही, उलट आधीच कमी असलेली स्पष्टता आणखी घटते.

आता स्थलांतराकडे वळू. संकलन सॉफ्टवेअर फायलीतील नोंद वाचून किंवा स्वतःच्या ठराविक समजुतीनुसार फील्डचा क्रम ठरविते. एडियस, प्रीमियर, फायनल कट प्रो, व्हेगास, डाविंची रिझॉल्व्ह ही सर्व सॉफ्टवेअर इंटरलेस्ड चित्रीकरण हाताळू शकतात. परंतु एकाच फायलीचा अर्थ ती सारखाच लावतील याची हमी नसते. शिवाय एका सॉफ्टवेअरमध्ये केलेले संकलन दुसऱ्यात नेण्यासाठी ईडीएल यादी वापरली, तर तिच्यात तुकड्यांचा आरंभ, शेवट व टाइमकोड जातो. फील्डविषयी संकलकाने हाताने दिलेली सूचना जात नाही. पहिल्या सॉफ्टवेअरमध्ये सुरळीत चाललेले चित्र दुसऱ्यात थरथरू लागते ते यामुळे. टेप तीच, फाईल तीच. बदललेला असतो तो केवळ अर्थ.

क्रम उलटा समजला गेला की काय होते ते पाहू. मूळ फील्ड १, २, ३, ४, ५, ६ अशा कालक्रमाने टिपल्या आहेत. उलट्या क्रमाने त्या २, १, ४, ३, ६, ५ अशा दिसतात. चालणारा माणूस एक पाऊल मागे, तीन पावले पुढे, पुन्हा एक मागे असा सरकतो, आणि हे सेकंदाला पंचवीस वेळा घडते. डोळ्यांना ती थरथर भासते. स्थिर दृश्यात मात्र हा दोष मुळीच दिसत नाही. पुष्कळदा फाईल तपासताना पहिले दृश्य लग्नपत्रिकेचे किंवा गणपतीच्या मूर्तीचे असते. ते स्वच्छ दिसल्याने संपूर्ण फाईल ठीक आहे असा समज होतो आणि दोष वरातीच्या दृश्यात, प्रत तयार झाल्यावर लक्षात येतो.

५. लक्षणांवरून निदान

(१) थांबविलेल्या चित्रात हलत्या कडांवर एकेका रेषेचे बारीक दाते, पण चालू चित्रात हालचाल सलग : ही इंटरलेस्ड चित्रीकरणाची स्वाभाविक अवस्था आहे. फाईल निर्दोष आहे. फक्त पाहताना अथवा अंतिम प्रत काढताना डीइंटरलेसिंग हवे.

(२) चालू चित्रात हालचाल मागे-पुढे थरथरते : फील्डचा क्रम उलटा समजला गेला आहे.

(३) दाते एकेका रेषेचे नसून जाड, असमान पट्ट्यांसारखे दिसतात : डीइंटरलेसिंग न करता चित्राची उंची बदलली आहे.

(४) हलत्या व्यक्तीमागे तिचीच फिकट छाया दिसते : दोन फील्ड एकमेकींत मिसळल्या आहेत, अथवा सेकंदाला २५ फ्रेमचे चित्रीकरण ३० फ्रेमच्या टाइमलाइनवर मिश्रणाने बसविले आहे.

(५) तिरप्या रेषा, उदा. मांडवाचे बांबू किंवा कौलाराची उतरण, पायऱ्यांसारख्या दिसतात : एक फील्ड टाकून देऊन उरलेली ताणली आहे. उभी स्पष्टता निम्मी झाली आहे.

(६) लाल रंगाच्या कडांवर आडवे ओरखडे, बाकी चित्र ठीक : रंगाची माहिती चुकीच्या पद्धतीने उलगडली आहे. पाल डीव्ही व डीव्हीडीमध्ये रंगाच्या रेषा प्रकाशाच्या रेषांच्या निम्म्या असतात आणि त्या फील्डनिहाय वाटलेल्या असतात. सॉफ्टवेअरने चित्र प्रोग्रेसिव्ह समजून त्या उलगडल्या की रंग चुकीच्या रेषांवर जातो. शालू, कुंकू, गुलाल यांवर हा दोष विशेष उठून दिसतो.

(७) नंतर घातलेली नावे किंवा बारीक आडव्या रेषा काचनळीच्या पडद्यावर फडफडतात : एकाच रेषेइतका बारीक तपशील एकाच फील्डमध्ये आल्याने हे होते. अक्षरे थोडी जाड वा किंचित मृदू केल्यास दोष जातो.

केवळ डोळ्यांनी ठरविण्यापेक्षा पुढील चाचणी विश्वसनीय आहे. ज्यात कोणीतरी आडवे चालत किंवा नाचत आहे असा दोन सेकंदांचा तुकडा निवडावा. फील्ड वेगळ्या करून दाखविणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तो घेऊन सेकंदाला ५० चित्रे या गतीने एकेक पाऊल पुढे जावे. व्यक्ती सतत एकाच दिशेने सरकत असेल तर क्रम बरोबर. पुढे-मागे होत असेल तर क्रम उलटा. दोन-दोन पावले एकाच जागी राहत असेल तर चित्रीकरण मुळातच प्रोग्रेसिव्ह आहे. आफ्टर इफेक्ट्समध्ये 'इंटरप्रिट फुटेज' या सोयीतून फील्ड वेगळ्या करता येतात. मात्र कॉम्पोझिशनची गती ५० ठेवावी, अन्यथा प्रत्येक जोडीतील एकच फील्ड दिसते आणि चाचणी निरर्थक होते. एफएफएमपेग या मुक्त साधनातील 'आयडेट' हा फिल्टर अनेक फ्रेम तपासून क्रमाचा अंदाज आकड्यांत देतो. मीडियाइन्फो हे साधन फायलीतील नोंद दाखविते. परंतु नोंद म्हणजे वस्तुस्थिती नव्हे. नोंद आणि चाचणी यांत विसंगती आढळल्यास चाचणीवर विश्वास ठेवावा.

६. उपाययोजना

६.१ नोंद चुकलेली असल्यास : फायलीतील रेषा जशाच्या तशा आहेत, केवळ त्यांचा अर्थ चुकला आहे, अशा वेळी फाईल पुन्हा तयार करण्याची आवश्यकता नाही. प्रीमियरमध्ये 'इंटरप्रिट फुटेज' मधून, तर रिझॉल्व्हमध्ये 'क्लिप ॲट्रिब्यूट्स' मधून योग्य क्रम निवडावा. अन्य सॉफ्टवेअरमध्येही तुकड्याच्या गुणधर्मांत ही सोय असते. या उपायाने चित्राची तिळमात्र हानी होत नाही.

६.२ टाइमलाइनचा क्रम भिन्न असल्यास : मिनी डीव्हीचा तुकडा वरची फील्ड प्रथम असलेल्या टाइमलाइनवर ठेवावयाचा असेल, तर चित्र एका रेषेने वर किंवा खाली सरकविले जाते. तसे केल्यावर सम रेषा विषम होतात, विषम सम होतात. कालक्रम अबाधित राहून फील्डचे स्थान बदलते. फायनल कट प्रोच्या सातव्या आवृत्तीपर्यंत 'शिफ्ट फील्ड्स' हा फिल्टर हेच काम करीत असे. एफएफएमपेगमधील 'फील्डऑर्डर' हा फिल्टरही याच तत्त्वावर चालतो.

या तत्त्वाची दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी. सॉफ्टवेअर फील्डचा विचार न करता चित्र सरकवीत असेल, तर संकलकाने सहज म्हणून चित्र एका किंवा तीन रेषांनी खाली घेतले तरी फील्डचा क्रम उलटतो. दोन, चार अशा सम संख्येने सरकविल्यास तो कायम राहतो. एखाद्याच तुकड्यात अकस्मात थरथर सुरू झाली, तर प्रथम त्या तुकड्याची उभी जागा तपासावी.

६.३ प्रोग्रेसिव्ह प्रत हवी असल्यास : आज चित्र भ्रमणध्वनीवर वा आधुनिक दूरचित्रवाणी संचावरच पाहिले जाणार असल्याने बहुतेकांना ही प्रत लागते. डीइंटरलेसिंग करताना प्रत्येक फील्डपासून एक पूर्ण चित्र तयार करावे व गती सेकंदाला ५० फ्रेम ठेवावी. २५ फ्रेमची प्रत काढल्यास निम्मी हालचाल गमावली जाते. बेंजोच्या तालावरचे हळदीचे नृत्य त्यामुळे तुटक भासते. 'यादिफ' व 'बीडब्ल्यूडिफ' हे फिल्टर घरगुती कामास पुरेसे आहेत. 'क्यूटीजीएमसी' ही पद्धत अधिक वेळ घेते, परंतु तिरप्या कडा व बारीक तपशील यांत तिचे फळ सरस असते. या सर्वांना फील्डचा योग्य क्रम आधी सांगावा लागतो. क्रम चुकला तर उत्तम फिल्टरही थरथरच कायम करतो.

६.४ आकार बदलणे : डीइंटरलेसिंग प्रथम, आकारबदल नंतर, हा नियम कधीही मोडू नये. ५७६ रेषांचे विणलेले चित्र तसेच १०८० रेषांपर्यंत ताणले, तर सॉफ्टवेअर शेजारच्या रेषांची सरासरी काढते. शेजारच्या रेषा दोन भिन्न क्षणांच्या असल्याने ते क्षण एकमेकांत मिसळतात आणि मग कोणती रेषा कोणत्या फील्डची हे सांगता येत नाही. याच टप्प्यावर पाल डीव्हीच्या बिंदूंचा आकार चौरस नसतो हेही लक्षात घ्यावे. ७२० × ५७६ चे चित्र चौरस बिंदूंच्या पडद्यावर ४:३ प्रमाणात, म्हणजे सुमारे ७६८ × ५७६ असे दिसले पाहिजे. आजच्या रुंद पडद्यावर ते भरण्यासाठी आडवे ताणू नये. दोन्ही बाजूंस काळी जागा सोडावी.

७. दुरुस्त होणारे व न होणारे दोष

निदानानंतरचा महत्त्वाचा प्रश्न म्हणजे हानी परतविता येईल का. याचे उत्तर एका कसोटीवर अवलंबून आहे : दोन्ही फील्डच्या रेषा अजून स्वतंत्र आहेत का?

फील्डचा क्रम उलटा समजला गेला असेल, तर रेषा स्वतंत्रच असतात. दोष पूर्णपणे दूर होतो. इंटरलेस्ड चित्र चुकून प्रोग्रेसिव्ह म्हणून संक्षेपित केले असेल, तर प्रकाशाच्या रेषा वेगळ्या करता येतात, पण रंगात थोडी कायमची हानी राहते. एक फील्ड टाकून दिली असेल, तर ती त्या प्रतीतून परत मिळत नाही; उरलेली मात्र शुद्ध असते. फील्ड मिसळल्या असतील किंवा विणलेल्या अवस्थेत उंची बदलली असेल, तर ती प्रत व्यवहारतः दुरुस्तीपलीकडे गेली असे समजावे. अशा वेळी एकच मार्ग उरतो. मूळ टेपकडे किंवा मूळ फायलीकडे परत जाणे.

हा मार्ग खुला ठेवणे हेच संपूर्ण कामाचे सूत्र आहे. उलवे परिसरात तो बंद होण्याचे एक खास कारण संभवते. घर बदलताना, विशेषतः गाव सोडताना, जुन्या टेपांचा गठ्ठा निरुपयोगी समजून टाकून दिला जातो, कारण 'सर्व काही सीडीवर आहे' अशी समजूत असते. त्या सीडीवर निम्म्या रेषांची व्हीसीडी असू शकते, किंवा मिसळलेल्या फील्डची प्रत असू शकते, याची कल्पना कुटुंबाला नसते.

८. घरगुती संग्रहासाठी सुरक्षित कार्यक्रम

समजा, तरघर येथून नव्या वसाहतीत आलेल्या एका कुटुंबाकडे २००६ सालच्या लग्नाची मिनी डीव्ही टेप, तिची डीव्हीडी व त्याआधीच्या एका गणेशोत्सवाची व्हीएचएस टेप आहे. त्यांनी पुढील क्रम पाळावा.

प्रथम, मिनी डीव्ही टेप फायरवायर जोडणीने संगणकावर घ्यावी. टेपवरील माहिती मुळातच अंकीय असल्याने या मार्गाने तिची जशीच्या तशी नक्कल होते. एका तासाच्या टेपला सुमारे १३ जीबी जागा लागते. नव्या संगणकांवर ही जोडणी सहसा नसते; म्हणून जुना चालू संगणक व कॅमेरा असलेल्या व्यावसायिकाची मदत घ्यावी आणि त्याच्याकडून 'मूळ डीव्ही फाईल' मागावी, केवळ डीव्हीडी किंवा एमपी-४ स्वीकारू नये.

दुसरे, व्हीएचएस टेप कॅप्चर करताना पूर्ण ५७६ रेषांचे इंटरलेस्ड चित्र घ्यावे. उपकरणात 'डीइंटरलेस' हा पर्याय असल्यास तो बंद ठेवावा. जतन करण्यासाठी हानिरहित संक्षेप वापरता आल्यास उत्तम. 'एफएफव्ही१' ही पद्धत इंटरलेस्ड चित्र हाताळते व तिचे वर्णन २०२१ मध्ये खुल्या दस्तऐवजाच्या रूपात प्रसिद्ध झाले आहे. त्यामुळे ती कोणा एका कंपनीवर अवलंबून नाही.

तिसरे, या मूळ फायलींच्या दोन प्रती वेगवेगळ्या डिस्कवर, शक्यतो वेगवेगळ्या घरांत ठेवाव्यात. त्यांवर कोणतीही दुरुस्ती करू नये. सोबत एका साध्या मजकूर फायलीत टेपचा प्रकार, तारीख, स्थळ, फील्डचा तपासलेला क्रम आणि चित्रातील व्यक्तींची व जागांची नावे लिहावीत. दृश्यात मागे दिसणारे देऊळ कोणते, वाट कोठे जात होती, हे सांगू शकणारी पिढी हयात आहे तोवरच ही नोंद पूर्ण होऊ शकते.

चौथे, संकलनासाठी नक्कल घ्यावी. जुळविलेल्या टाइमलाइनचा आकार, गती व फील्डचा क्रम मूळ फायलीशी जुळवावा. दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जाताना मधली फाईल प्रोरेससारख्या सौम्य संक्षेपात, इंटरलेस्ड स्वरूपातच न्यावी व तेथे वर सांगितलेली दोन सेकंदांची चाचणी पुन्हा करावी. भ्रमणध्वनीवरील नवे चित्रीकरण सोबत जोडावयाचे असेल, तर ते प्रोग्रेसिव्ह असते. म्हणून आधी जुन्या तुकड्यांचे डीइंटरलेसिंग करून ५० फ्रेमची प्रत तयार करावी व सर्व संकलन तीवर करावे.

पाचवे, डीइंटरलेसिंग एकदाच करावे. एका सॉफ्टवेअरने केलेले काम दुसऱ्याने पुन्हा केले, तर स्पष्टता विनाकारण घटते. पाहण्याची प्रत आणि जतनाची प्रत या दोन स्वतंत्र वस्तू आहेत, हे कुटुंबातील सर्वांना माहीत असावे.

९. निष्कर्ष

(१) इंटरलेस्ड चित्रीकरणातील दाते हा दोष नसून त्या पद्धतीचा स्वभाव आहे. त्यावर घाईने उपचार करणे हेच अनेक दोषांचे कारण ठरते.
(२) सॉफ्टवेअर बदलल्यावर दिसणारी थरथर बहुधा फील्डच्या क्रमाविषयीच्या गैरसमजातून येते व हानी न होता दूर होते.
(३) विणलेल्या अवस्थेत आकार बदलणे व फील्ड मिसळणे या दोन क्रिया अपरिवर्तनीय आहेत.
(४) फायलीतील नोंदीपेक्षा हालचाल असलेल्या तुकड्यावरील प्रत्यक्ष चाचणी अधिक प्रमाण मानावी.
(५) मूळ टेप व तिची अविकृत फाईल जपून ठेवल्यास उद्याच्या अधिक चांगल्या साधनांचा लाभ घेता येतो.

१०. समारोप

सामान्यतः लग्नाची चित्रफीत बिघडली तर हळहळ वाटते, पण घर, अंगण व गाव जागेवर असते. पुन्हा एखाद्या प्रसंगी तेथे कॅमेरा लावता येतो. उलवे व आसपासच्या गावांना ही सोय राहिलेली नाही. ज्या टेकडीच्या पायथ्याशी वरात निघाली ती टेकडीच नाही. या परिस्थितीत १/५० सेकंदाच्या अंतराने टिपलेल्या दोन फील्ड योग्य क्रमाने जपणे हे इतिहाससाधनाच्या जतनाचे काम आहे. महाविद्यालयांतील जनसंवाद, संगणकशास्त्र व इतिहास या विभागांनी एकत्र येऊन परिसरातील कुटुंबांच्या टेपा त्यांच्या संमतीने संगणकावर घेण्याचा उपक्रम हाती घेतल्यास विद्यार्थ्यांना तांत्रिक कौशल्य लाभेल आणि गावांना आपली दृश्य स्मृती निर्दोष स्वरूपात मिळेल. टेप वाजविणारी यंत्रे दिवसेंदिवस कमी होत असल्याने हे काम लवकर होणे अगत्याचे आहे.